केळीच्या चिकाचा शर्ट

माझा शर्ट तिसऱ्यांदा दोरीवरून गायब झाला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. शर्ट म्हणजे काय, तर ह्यांच्या बँडचा जुना, खांद्यावर सोनेरी पट्टी असलेला. हे, म्हणजे माझा नवरा ललित, लग्नात क्लॅरिनेट वाजवतात. मळ्यात केळीची पानं कापताना मी तो साडीवरून घालते. केळीचा चीक लागला की कपडा काळा पडतो, अन् फाटेपर्यंत डाग जात नाही. असलं लक्तर कोण नेणार?

दोन दिवसांनी शर्ट परत आला. घडी घालून! ह्यांनी जन्मात रुमालाची घडी घातली नाही. म्हटलं, झालं, कुणीतरी बाई आहे.

लग्नसराई संपलेली, तरी हे दर मंगळवारी भडगावहून जळगावची बस धरायचे. विचारलं तर म्हणे, सराव आहे. सराव, अन् क्लॅरिनेट घरात खुंटीला!

"कसला सराव हो?" मी म्हटलं.

"तुले काय समजस त्यामा!"

मी ह्यांच्या कपड्यांची कॉलर हुंगली, खिसे उलटे केले. हाती काही लागलं नाही, म्हणून संशय आणखीच वाढला.

मग शेजारच्या डिंपलने फोन पुढे केला. "वहिनी, तुम्ही आज जाणार ना?" पत्रिका होती. क्लॅरिनेटवादक ललित यांच्या अमूर्त छायाचित्रांचं पहिलं प्रदर्शन, जळगाव. अख्ख्या गल्लीला गेलेली, एकट्या मला नाही. फार लागलं मनाला. मला का नाही? तिथे ती असणार म्हणूनच!

मी तशीच बस धरली.

हॉलमध्ये शिरले ती बाई शोधतच. भिंतीवर फोटो होते, पण माणूस एकातही नाही. नुसते काळे-तपकिरी डाग, कुठे ढगासारखे, कुठे मुळांसारखे पसरलेले. जरा जिवात जीव आला. मग एका फोटोच्या कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचे टाके दिसले. पांढरा दोरा संपला म्हणून मीच घातलेले. पुढच्या फोटोत सोनेरी पट्टी. अगं बाई! चौदाच्या चौदा फोटो माझ्या शर्टाचे.

एक चष्मेवाले साहेब ह्यांना विचारत होते, "हे सुचलं कसं तुम्हाला?"

"सूर डोक्यात घोळत असतात," हे म्हणाले. "डोळे मिटले की असंच दिसतं."

साहेब मान डोलवत राहिले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"हाऊ केळीना चीक शे," मी मोठ्याने म्हटलं. "आनि शर्ट मना शे!"

दोघं-तिघं हसले. त्यांना गंमतच वाटली. "ह्या कोण?" साहेबांनी विचारलं.

"गावाकडच्या आहेत," हे म्हणाले आणि माझा दंड धरून मला दाराशी घेऊन आले. "म्हणूनच तुला सांगितलं नव्हतं. सगळं बोलून बसतेस."

मी दंड सोडवून घेतला. दुसरी बाई निघाली असती तर झिंज्या धरून भांडले असते. इथे चारी भिंतींवर मीच होते, आणि माझ्या नवऱ्याला मी कोण ते सांगायची लाज वाटत होती.