दोघांत एक पाकीट

हणमंत आणि भीमाबाई यांचं सगळं एकात होतं. ताट एक, चहाची बशी एक, पानसुद्धा दातानं तोडून अर्धं अर्धं. हणमंत शाळेचे ड्रेस शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्टर. भीमाबाई त्याच कारखान्याचे गठ्ठे घरी आणून काज-बटण करायची. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, लेकीचं लग्न झालं, तरी नवरा येऊन पहिला घास घेईपर्यंत ही बाई अन्नाला शिवायची नाही. हणमंतालाही त्याचं भारी कौतुक. तिचं पोट किती जळत असेल हे त्यानं कधी विचारलं नाही.

त्याला मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी वस्तीत तपासणीचं शिबिर भरलं. त्यात भीमाबाईचीही साखर निघाली. शिबिरवाल्यांनी तिच्या हातात एक चिठ्ठी दिली, वर एक केळं दिलं, साहेबाशेजारी उभं करून फोटो काढला आणि मांडव गुंडाळला. परत कुणी फिरकलं नाही. गरिबाला रोगाचं नाव सांगितलं की यांचं पुण्य पुरं होतं.

हणमंतानं आपल्या पाकिटातली गोळी काढून तिच्या हातावर ठेवली.

"रोग एक तर दवा बी एक. दोन दोन फाइली कशाला?"

"व्हय की," भीमाबाई म्हणाली. गोळीसुद्धा दोघांत एका पाकिटातली, हे तिला आवडलं होतं.

वर्षभर बरं गेलं. मग ती वाळायला लागली. हणमंताच्या पोटावर शर्टाची बटणं ताणलेली, आणि हिचं पोलकं खांद्यावरून घसरायचं. घशाला सारखी कोरड. हणमंत तिच्या गोळ्या वाढवत गेला. शेजारची काशम्मा एकदा तोंडावरच म्हणाली, "भीमक्का, चोरून काय काय खातीस ग?"

हणमंत तिच्याशी कडाकडा भांडला. आणि घरात येऊन गुळाचा डबा माळ्यावर चढवून ठेवला. भीमाबाईनं ते बघितलं. काज करता करता दोरा तिनं जरा जोरात तोडला.

मे महिन्यात त्यांची लेक मनाली टेंभुर्णीहून माहेरी आली. आई दारात पाय पसरून बटणं लावत बसलेली. मनाली खाली बसली आणि किंचाळलीच.

"आई, तळपायाला ह्ये काय झालंय?"

अख्ख्या टाचेवर फोड आलेला, फुटलेला, खाली लालभडक. आदल्या दुपारी चप्पल तुटली म्हणून भीमाबाई डोक्यावर गठ्ठा घेऊन डांबरावरनं अनवाणी आली होती. सोलापुरात मे महिन्यात दुपारच्या डांबरावर कुत्रंही पाय टेकत नाही.

"दुखत न्हाय का तुला?"

"काय दुखायचंय?" असं म्हणून भीमाबाईनं वाकून आपलाच तळवा दुसऱ्याचा असल्यासारखा बघितला.

मनालीनं दोघांना डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, तोंडाच्या फटकळ. त्यांनी जखम धुतली, पट्टी बांधली आणि विचारलं, "या गोळ्या कुणाच्या चिठ्ठीवर घेता?"

"माज्या की," हणमंत छाती काढून म्हणाला. "दोघांत एकच पाकीट."

"चष्मापण एकच वापरता का?"

भीमाबाई फसकन हसली. "त्यो मातूर येगळा हाय."

डॉक्टरीणबाईंनी सी-पेप्टाइड नावाची रक्ताची तपासणी लिहून दिली. "माजीबी करा," हणमंत हटून बसला. "दोघांचं एकच निगंल, बगा."

रिपोर्ट आले, पण दोघांचं एक निघालं नाही.

"शरीर इन्सुलिन बनवतं," डॉक्टरीणबाई सांगायला लागल्या, "तेव्हा आधी एक लांब तुकडा तयार होतो. त्यातला मधला भाग कापून टाकला की उरतं ते इन्सुलिन. तो कापलेला भाग म्हणजे सी-पेप्टाइड. जेवढं इन्सुलिन तेवढे हे तुकडे. ते मोजले की कळतं, शरीर स्वतः किती बनवतंय."

"म्हंजे कतरण," हणमंत म्हणाला. "आमी ड्रेस कापतो तवा टेबलाखाली पडती. मालक आला की आदी खाली बगतो. कतरण न्हाय म्हंजे कटिंग झालं न्हाय."

"अगदी तसंच. यांच्या टेबलाखाली जवळजवळ काहीच नाही."

हणमंत पुढं सरकला. "आणि माज्या?"

"ढीग आहे. तुमच्या अंगात माल भरपूर तयार होतो, पण अंग तो उचलत नाही. त्याला गोळ्या चालतात. यांच्या शरीरानं मात्र स्वतःच आपला कारखाना हळूहळू मोडून टाकलाय. तुमची गोळी बंद कारखान्याच्या दारावर थापा मारत बसली. तोवर साखर चढत गेली आणि तिनं पायाच्या नसा खाल्ल्या. आता डोळे, किडनी बघावी लागेल. आणि आजपासून इन्सुलिनचं इंजेक्शन."

भीमाबाईनं पट्टीवरची नजर उचलली. "बाई, ह्ये गुळानं झालं का वो?"

"नाही. तुमच्या खाण्यानं नाही झालं हे."

भीमाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. बस, बघितलं. हणमंताला कुठं तोंड लपवू असं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, "त्या कतरणीचा काय उपेग नसतोय का?"

"पूर्वी कचराच समजायचे. आता काही जणांना वाटतं, ते तुकडे नसांना, किडनीला जपत असावेत. ज्यांच्या अंगात थोडे तरी उरतात त्यांना पुढचे त्रास कमी होतात, एवढं दिसतं. पण त्यांचं औषध अजून नाही."

"कचरा कसा आसंल?" भीमाबाई म्हणाली. "आमच्या घरात अंथरा-पांघरायच्या समद्या वाकळा कतरणीच्याच हायत."

सुईला ती भ्याली नाही. सगळा जन्म सुईतच गेलेला. अडलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. इंजेक्शन घेतलं की वेळेवर जेवायचं, कुणाची वाट बघायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. घाम सुटला, हात कापले तर लगेच साखर नाहीतर गूळ, हेही सांगितलं होतं.

"ह्यांच्या आदी जेवू? मला न्हाय जमायचं."

"आई, चक्कर येऊन पडशील," मनाली चिडली.

"पडंन. तू तुज्या घरचं बग."

मनाली रागावून टेंभुर्णीला गेली. जूनच्या तोंडावर ड्रेसची घाई सुटलेली. एका संध्याकाळी कापडाचे तागे संपेनात आणि हणमंताला उशीर झाला. घरात पाऊल टाकलं तर भीमाबाई झाकल्या ताटाशेजारी भिंतीला टेकून बसलेली. अंग घामानं निथळलेलं, हात लटालटा कापत होते. इंजेक्शन वेळेवर घेतलेलं. भाकरीला हात नाही.

"भीमे!"

"आलासा?" तिची जीभ जड पडलेली. "हात धुवा."

हणमंत एवढं पोट घेऊन स्टुलावर चढला. माळ्यावर हात घातला, डबा सापडेना, पातेली खाली आदळली. शेवटी डबा मिळाला. त्यानं गुळाचा खडा दातानं फोडला आणि तिच्या तोंडात घातला. मग दुसरा. गूळ चघळता चघळता तिचे डोळे हळूहळू जाग्यावर आले. हणमंत तिच्यापुढं बसून पोरासारखा रडत होता.

"आज बरा डबा खाली आनलासा," ती म्हणाली.

"चुकलो ग. लई चुकलो."

"रडू नका. नाक पुसा आदी."

"उद्यापास्नं तू जेवायचंस. मी येवो न येवो."

"ताट एक हाय आपलं."

"एकच ऱ्हाऊ दे. तुजा आर्धा वाटा आदी, माजा मागनं."

तिनं आणखी एक खडा तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशीही हणमंताला उशीरच झाला. जीव मुठीत घेऊन तो दारात आला. भीमाबाई खाकी चौकड्यांच्या वाकळेवर पाय पसरून बटणं लावत बसली होती. ताट झाकलेलं. त्यानं वरची ताटली उचलली. भाकरी अर्धी मोडलेली, शेंगाचटणीत तिच्या बोटांच्या रेघा, पिठल्यात एका बाजूनं खळगा. तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याच्याआधी घास घेतला होता.

हणमंत खाली बसला. दारातून काशम्मा डोकावली.

"अगं बाई! बायकोचं उष्टं खातोयस, हणमंता?"

"खातो की," हणमंत भरल्या तोंडानं म्हणाला. "तुला बघवत नसंल तर दार लोटून घे."

हात धुऊन तो दिव्याखाली आला, भीमाबाईचे पाय मांडीवर घेतले आणि पट्टीच्या कडेनं बोटांची बेचकी एक एक करून तपासायला लागला.

"गुदगुल्या हुतायत का?"

"न्हाय."

"हितं?"

"तितं बी न्हाय." मग त्यानं घोट्याच्या वर हात नेला तशी तिनं झटकन पाय ओढून घेतला.

"तितं हुतायत वो! सोडा, लेक म्हातारी व्हायला आली."