टाइप न करायचं ते

लग्नाच्या मांडवातून बँडवाल्याची तुतारी चोरीला गेली.

आधी ती कोंबडी हाकल.

"कंडक्टरला खोटं नाणं आणि खोटा माणूस, दोन्ही हातालाच कळतात," झिपरू म्हणाला.

लिंबू-सोडा कर थोडा.

तीन मिनिटं अकरा सेकंदांची व्हॉइस नोट.

हे सगळं एकाच माणसाच्या आवाजात, बबिताच्या फोनमध्ये. माणूस मागच्या महिन्यात गेला.

बबिताचं पुसदला टायपिंगचं दुकान. देवसिंगकाका तांड्यावरून एकेक प्रकरण फोनवर बोलून पाठवायचे. जासूस झिपरूच्या, म्हणजे त्या रिटायर कंडक्टरच्या, चौतीस कादंबऱ्या अशाच झाल्या. नियम एकच होता. मराठी टाइप करायची, घरची गोरबोली, बंजाऱ्यांची भाषा, सोडायची. वर्षानुवर्षं सोडून सोडून बबिताला ती हेडफोनमध्ये ऐकूच येईनाशी झाली होती.

पस्तिसावीचं शेवटचं प्रकरण आलंच नाही. काकांची बायको, पुष्पाकाकी, दुकानात येऊन बसली. पुस्तक पुरं झालंच पाहिजे म्हणाली.

"दर खेपेले चोर मले आधी सांगत. या खेपेले म्हणे, बबिताले सांगून ठेवलं."

बबिताला काहीच आठवेना. काकीला चहा देऊन तिनं पहिल्या प्रकरणापासूनचे आवाज लावले, या वेळी फक्त गोरबोलीसाठी. मेलेला माणूस भर दुपारी तिच्या कानात पाणी मागत होता, स्वतःच्या विनोदावर हसत होता, मग थांबत होता. ती हसते का, याची वाट पाहिल्यासारखा.

पाचव्या प्रकरणात झिपरू आचाऱ्याची झडती घेत होता. मध्येच आवाज खाली आला, गोरबोलीत. बेटी, दोन दिवस झाले छातीत दाबून येते. तिकडं कोणता डॉक्टर चांगला?

त्याखाली बबिताचं उत्तर होतं. "प्रकरण मिळालं काका. मस्त."

सातव्यात त्यांनी पुन्हा विचारलं होतं. नवव्यात विचारलं नव्हतं. नुसतं सांगितलं, चोर आचारीच, तुतारी भाताच्या गंजात, पातेल्याच्या तळाशी.

तिनं हेडफोन काढला.

"सापडला का वं चोर?"

"आचारी. गंजात लपवली होती."

काकी पदर तोंडाला लावून हसली. मग डोळे पुसले. "आन् मंग? अजून काय म्हणे?"

"काही नाही, काकी. पाणी मागत होते."

काकी गेल्यावर बबितानं शेवटचं प्रकरण स्वतः लिहिलं. झिपरूनं तुतारी काढली, भात झटकला, वऱ्हाडी हसले. कानात काहीच नव्हतं. तरी दर दोन ओळींनी तिची बोटं थांबत होती.

पाचवं प्रकरण आलं तो मंगळवार होता. दुकानासमोरच्या दवाखान्यात दर मंगळवारी हृदयाचे डॉक्टर येतात आणि पाच वाजेपर्यंत बसतात.