पाळकसाहेबांची दाढी

आमचे हे न्हावी. हात इतका हलका की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागायचं. मी हे कौतुक कधी तोंडावर केलं नाही, केलं असतं तर डोक्यावर बसले असते. पण एका सकाळी एक जुनं गिऱ्हाईक ऐन दाढीत शिंकलं आणि वस्तरा जबड्यात शिरला. टाके पडले. तो बिचारा चूक माझ्या शिंकेची म्हणून सांगत राहिला. यांनी मात्र मनाला लावून घेतलं.

तेव्हापासून वस्तरा हातात आला की यांचा हात थरथरायचा. हाताला काहीही झालेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे नुसती भीती. दाढीवाली गिऱ्हाइकं परत जायला लागली. मग हे कात्रीसुद्धा कानापासून लांब धरायला लागले आणि लोक कानांवर झुलपं घेऊन घरी जाऊ लागले. शेवटी एकदा जेवताना म्हणाले, पलीकडच्या गल्लीतला न्हावी शनिवारी दुकान बघायला येतोय, त्यालाच देऊन टाकतो. दुकान गेलं तर हा माणूस घरात बसून वाळून जाईल, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

मी भांडायचं बाकी ठेवलं नाही. म्हटलं, इतकी वर्षं प्रार्थना करताय, ती काय सगळं सुरळीत असेल तेव्हापुरतीच?

"रोज मागतोय गं," हे म्हणाले. "हात थांबव म्हणतो. नाही थांबत."

मी ताटं आवरली.

मग मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले आणि सगळं ओकून मोकळी झाले. त्यांची दाढी कायम यांच्याकडेच व्हायची. दुसऱ्याकडे जायचं नाही या हट्टापायी ते हल्ली घरीच करायचे आणि हनुवटीवर झुडपं ठेवून उपदेशाला उभे राहायचे. माझं सगळं लक्ष त्या झुडपांत. मला वाटलं, घरी येतील, धीराची चार वचनं वाचतील, चहा पितील आणि जातील. पण शुक्रवारी मी दुकान झाडत होते, तेवढ्यात ते थेट आत आले, कोट खुंटीला अडकवला, खुर्चीत बसले आणि दाढी करा म्हणाले.

यांचा चेहरा पांढराफटक. हात थरथरतो, तुम्हाला लागेल, असं चाचरत कसंबसं सांगितलं.

"भीती मलाही वाटतेय," पाळकसाहेब म्हणाले. "ती जायची वाट बघत बसलो तर दोघंही म्हातारे होऊ. आधी प्रार्थना करू, मग भीतभीतच सुरू करा."

तिघांनी माना खाली घातल्या. पाळकसाहेबांनी मोठ्याने प्रार्थना केली, हे ओठांतल्या ओठांत पुटपुटले. मी केरसुणी हातात धरूनच देवाला स्पष्ट सांगितलं, रक्ताचा एक थेंबही येऊ देऊ नकोस, नाहीतर आमचं काही खरं नाही.

फेस लागला. वस्तरा उघडला. हात थरथरत होताच, तरी एक गाल नीट झाला. पाळकसाहेबांनी डोळे गच्च मिटून खुर्चीचे हात आवळून धरले होते आणि त्यांचे ओठ अजून चालूच होते. हे म्हणाले, पाळकसाहेब, मनातल्या मनात करा, हनुवटी हलते. मला हसू फुटलं. कित्येक दिवसांनी.

आणि तेवढ्यात हनुवटीखाली रक्ताची बारीक रेघ उमटली.

संपलं सगळं, मला वाटलं. देवाचा असा राग आला म्हणून सांगू! एवढं एकच तर मागितलं होतं. हे त्या रेघेकडे बघत उभे. आता वस्तरा खाली ठेवणार आणि दुकानाबाहेर पडणार, याची मला खात्रीच होती. यांनी क्षणभर डोळे मिटले. मग तुरटी ओली केली आणि त्या जागी दाबून धरली.

"झोंबेल जरा," म्हणाले. "मान वर घ्या."

दुसरा गालही केला. हात शेवटपर्यंत थरथरत होता, मी बघत होते ना.

पाळकसाहेब हनुवटीला कापूस लावून खुशीत गेले. वस्तरा पुसता पुसता यांनी मला सांगितलं, त्या न्हाव्याला निरोप धाड, शनिवारी येऊ नको म्हणावं. आनंद झालाच, पण माझं डोकं अजून तापलेलंच होतं. मी म्हटलं, रक्त नको म्हणून मी मागितलं आणि नेमकं तेच आलं, मग प्रार्थनेचा उपयोग काय झाला?

"मी आज ते मागितलंच नाही," हे म्हणाले. "म्हटलं, हात थरथरू दे. तू फक्त शेजारी उभा राहा, म्हणजे मी पळणार नाही."

"मग?"

"होता की गं उभा. रक्त आलं तेव्हासुद्धा."

माझे डोळे भरून आले. आणि हे माझ्याकडे न बघता दारातल्या गिऱ्हाइकाला विचारत होते, नुसते केस कापायचे की दाढीपण?