कुठल्यातरी पुलापाशी

“कुणालाही सांगितलं तरी विश्वास बसणार नाही,” मामाने पुलाच्या कठड्यावर थाप मारली, “पण या नदीतले मासे एकदा आठ दिवस हिरवे होते.”

भाचीचं लक्ष नव्हतं. टाचा उंचावून ती पुलावरच्या गर्दीतला एकेक चेहरा बघत होती.

“रंगाचा डबा निसटला हातातून. वीस लिटर. दुसऱ्या दिवशी जाळ्यात मासे आले, तर लोकांना वाटलं कच्चे आहेत. पिकतील म्हणून गवतात घालून ठेवले.”

“मामा, बाबा याच पुलावर येणार आहेत ना?”

“पुलापाशी, असं ठरलंय.”

“नदीवर सहा पूल आहेत.”

“मग या नाही तर त्या,” म्हणत मामा चालायलाच लागला.

चौतीस वर्षं त्याने या सहाही पुलांना रंग दिला होता, दोरांना बांधलेल्या फळीवर लोंबकळत. दर पुलाची एकेक बढाई त्याच्याकडे तयार असायची. अडचण आजच्या थापेची होती. भाची चार वर्षांची असताना तिचा बाप घर सोडून गेला आणि याच शहराच्या दुसऱ्या टोकाला राहिला. उद्या ती नोकरीसाठी तीन वर्षं समुद्रापलीकडे चालली होती. त्याआधी बापाला एकदा बघायचं, एवढंच तिने मामाजवळ मागितलं होतं. मामाने फोन केला. तिकडून ‘नाही’ एवढंच आलं आणि फोन बंद झाला. संध्याकाळी भाची विचारायला आली तेव्हा तिने चप्पलसुद्धा काढली नाही, दारातूनच त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मामा म्हणाला, “रविवारी, अकराला. पुलापाशी.”

आज पहिल्या पुलावर पोचताच खरं काय ते सांगून टाकायचं, असं घोकत तो निघाला होता. तोंड उघडलं आणि मासे बाहेर आले.

नदीकाठच्या फरसबंदीवरून भाची झपाझप पुढे निघाली. काठावरच्या हॉटेलांनी खुर्च्या पार पाण्यापर्यंत मांडल्या होत्या. ती त्यांच्यामधून वाट काढत, बसलेल्यांकडे वळून वळून बघत चालली होती. मामा मागून गुडघा सांभाळत येत होता. तो कुणाच्याच तोंडाकडे बघत नव्हता.

“हा दुसरा पूल इतका लांब,” तो मागून ओरडला, “की एक टोक रंगवून होईस्तोवर दुसरं गंजायचं. एकदा परत फिरलो, तर समोरून मीच येतोय. काय करणार, नमस्कार केला आणि पुढे गेलो.”

“ओळख दिली का त्याने?”

“कसली देतोय. कामचुकार माणूस.”

ती हसली, पण चालणं थांबलं नाही. पर्सची चेन ती उघडत होती, लावत होती.

तिसऱ्या पुलाच्या पायऱ्यांवर पिकल्या मिशांचा एक माणूस वर्तमानपत्र घेऊन उभा होता. भाची त्याच्यासमोर जाऊन थांबली. मामाने लांबूनच मान हलवली, पण ती मागे बघत नव्हती.

“तुम्ही कुणाची वाट बघताय का?”

“बायकोची,” तो म्हणाला. “अर्धा तास झाला. तुम्हाला दिसली का?”

“नाही. माफ करा.”

ती परत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

“नाक माझ्यासारखं वाटलं.”

“तुझं नाक तुझ्या आजीचं आहे. आमच्या घरचं. ते फुकटचं त्या माणसाला कशाला देतेस?”

चौथ्या पुलावर ती दोनदा इकडून तिकडे जाऊन आली. मामा कठड्याला टेकून उभा राहिला. नखाने त्याने जुन्या रंगाचा एक पोपडा उचकटला, परत जागेवर दाबून बसवला. पोपडा बसेना.

“ऐक ना,” ती जवळ आल्यावर तो म्हणाला.

“काय?”

“काही नाही. पाणी पितेस का?”

पाचव्या पुलाशी पोचले तेव्हा पाऊण वाजला होता. इथे गर्दी नव्हतीच. मधोमध एक बाई लहान मुलाच्या बुटाची नाडी बांधत होती, बाकी पूल मोकळा. भाची शेवटच्या पुलाकडे बघत उभी राहिली. तोही इथून पूर्ण दिसत होता. त्यावर कुणी नव्हतं.

मामाने घसा साफ केला.

“या पुलावर काय झालं माहितेय? असा वारा सुटला, की फळी दोरांसकट उडाली, नदीवरून गेली आणि मी थेट समोरच्या कोर्टाच्या खिडकीतून आत. हातात ब्रश तसाच. न्यायाधीशांना वाटलं मीच साक्षीदार. दिली की मला शपथ. तेव्हापासून, तुला सांगतो, मला खोटं म्हणून बोलता येत नाही.”

“मामा, खोटं बोलतोयस.”

“कुठलं? वाऱ्याचं की शपथेचं?”

“बाबांचं.”

मामाने नदीकडे पाहिलं.

“तुझ्या वहीतून नंबर घेतला आणि शुक्रवारी मीच फोन केला त्यांना,” ती म्हणाली. “नेमका कुठला पूल ते विचारायला.”

“मग?”

“ते म्हणाले, कसला पूल?”

मामा कठड्यावरून खाली वाकला. खालून एक रिकामी बोट गेली.

“तरी आलीस?”

“मला वाटलं,” ती म्हणाली, “रविवारपर्यंत तू त्यांना पटवशील.”