शेजारच्या वाटीतली शिडी

आधीच सांगून टाकते मित्रांनो, माझ्यात काहीही नाही. मी ॲल्युमिनियमची एक जुनी वाटी आहे, तुमच्या करंगळीच्या नखाएवढी, वरून झाकण दाबून बसवलेली आणि आतून रिकामी. रिकामं राहणं हीच माझी नोकरी. अशी नोकरी पुष्कळजण करतात, पण मला ती नेमून दिलेली आहे, एवढाच फरक.

पत्र्याच्या एका लांबलचक पट्टीवर ठप्पा पडला आणि माझा जन्म झाला. आम्हा बहिणींना डबीत भरून एका लॅबमध्ये आणलं. तिथे एक मशीन होतं. त्याचं पूर्ण नाव डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमीटर. ते उच्चारून होईपर्यंत हातातला चहा गार होतो, म्हणून सगळे त्याला नुसतं डीएससी म्हणत. त्याच्या पोटात एक बारकी भट्टी होती आणि भट्टीत दोनच वाट्यांची सोय. एका जागी परीक्षेच्या पदार्थाचा कण घातलेली वाटी, शेजारी मी.

दोघींना आच अगदी सारखी. पण शेजारणीच्या पोटात प्लास्टिक असेल, तर वितळताना ते जास्तीची उष्णता पिऊन टाकतं. काही पदार्थ तर आतल्या आत घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडतात. माझ्या पोटात काहीच नसल्यामुळे मी निमूट तापते, निमूट निवते. आम्हा दोघींतला फरक मशीन मोजतं आणि पडद्यावर त्याची रेघ काढतं. पदार्थ कधी मऊ पडतो, कधी वितळतो, कच्चा आहे की पक्का, सगळं त्या रेघेत येतं. माझं कौतुक झालं ते एवढ्यापुरतंच. मशीन चालवणाऱ्या मॅडम नव्या लोकांना बजावत, "हिला हात लावायचा नाही. ही बिघडली की सगळ्यांचं बिघडलं." शेजारणी रोज बदलत. काम झालं की चिमट्यानं उचलून कचऱ्यात. मी मात्र जागच्या जागी.

मॅडम हुशार होत्या. तिळाएवढा कण चिमट्यात धरून बोलता बोलता वाटीत सोडायच्या, एकदाही सांडला नाही. कोणता पदार्थ किती अंशाला मऊ पडतो हे त्यांना तोंडपाठ होतं आणि घरी दूध मात्र दिवसाआड उतू जायचं. त्यांच्या सासूबाई हे फोनवर इतक्या मोठ्यानं सांगत, की माझ्यासारख्या झाकणबंद वाटीलाही ऐकू येई.

लॅबचे प्रमुख होते सर. सरांनी भिंतीवर एक नियम चिकटवून ठेवला होता. प्रत्येक पदार्थ दोनदा तापवायचा आणि रिपोर्टमध्ये फक्त दुसऱ्या वेळची रेघ द्यायची. नियम मूर्खपणाचा नव्हता बरं का. आमच्याकडे येणारा बहुतेक माल म्हणजे प्लास्टिकचे दाणे. ते पुढे कारखान्यात वितळणारच असतात. आधी ते कुठे तापले, कुठे निवले, याच्याशी गिऱ्हाइकाला देणंघेणं नसतं. पहिल्या आचेत हा सगळा भूतकाळ पुसला जातो आणि दुसरी रेघ स्वच्छ येते. दाण्यांचं ठीक होतं. पण नियम भिंतीवर चिकटला की तो दाणे बघत नाही आणि शिडीही बघत नाही.

शिडी आमच्याकडे आली ती दोन भावांबरोबर. दोघांचा मिळून एक कारखाना होता. खांबांवर चढणाऱ्या वायरमन लोकांसाठी ते फायबरच्या पिवळ्या शिड्या बनवत. लोखंडी शिडीतून वीज उतरते, फायबरच्या उतरत नाही. काचेच्या धाग्यांवर रेझिन नावाचा चिकट रस ओतायचा, साच्यात घालायचा आणि भट्टीत भाजून कडक करायचा, असा तो धंदा. थोरला हिशेब बघायचा, धाकटा शिड्या बघायचा.

"मॅडम, हा आमचा धाकटा," थोरल्यानं ओळख करून दिली. "शिड्या बनवतो आणि शिडीवर चढायला घाबरतो. माशानं पाण्याला भ्यावं तसली तऱ्हा."

"घाबरत नाही हो," धाकटा म्हणाला. "हल्लीच्या शिड्या उन्हात पायाखाली दबल्यासारख्या वाटतात. आधी नव्हतं असं."

"तुझं वजन वाढलंय. त्याला शिडी काय करणार?"

"दादा, भट्टीतला वेळ तू निम्मा केलास."

"ऑर्डर दुप्पट आली म्हणून निम्मा केला. साधं गणित आहे. वीज कार्यालयाला सगळा माल उन्हाळ्याच्या आत हवाय, तू काय त्यांना जाऊन सांगणार, की बाबांनो, मला दबल्यासारखं वाटतंय?"

मॅडमनी हसू आवरलं. मग थोरला जरा नरमला. "हे बघ, भांडण नको. मशीन काय सांगेल ते तुला मान्य?"

"मान्य."

"आणि मग तोंड बंद?"

"बंद."

मॅडमनी पायरीचा एक कण कापून वाटीत घातला आणि ती वाटी माझ्या शेजारी येऊन बसली. मला पडदा दिसत नाही मित्रांनो, पण शेजारचं अंग कळतं. आच सुरू झाली. पन्नास अंशांच्या आसपासच शेजारीण ढिली पडली. एवढ्या लवकर ढिलं पडणं शिडीला शोभत नाही. भर दुपारी गाडीच्या टपावर पडलेली शिडी त्याहून जास्त तापते. पुढे तर तिचं अंग माझ्याहून गरम व्हायला लागलं. आत राहून गेलेलं कच्चं रेझिन आता कुठे घट्ट होत होतं, आणि घट्ट होताना उष्णता सोडत होतं. पडद्यावरच्या रेघेला तिथे उंचवटा आला असणार. मग आम्हाला निववलं आणि पुन्हा तापवलं. या खेपेला शेजारीण नव्वदच्या पुढे जाईपर्यंत ताठ होती. कच्ची आलेली पोर इथे भाजून पक्की झाली होती. पण पक्का झाला तो तेवढा कण. शिड्या होत्या तशाच कारखान्यात उभ्या होत्या.

मॅडमना उंचवटा दिसला. त्या सरांच्या टेबलाशी गेल्या.

"सर, पहिल्या फेरीत उष्णता सुटतेय. माल कच्चा वाटतो."

"आणि दुसऱ्या फेरीत?"

"दुसऱ्या फेरीत स्वच्छ आहे. पण सर, तो आपणच तापवून पक्का केलाय."

"मॅडम," सर म्हणाले, त्यांचा मूड चांगला होता, "पहिली फेरी म्हणजे आंघोळ. आंघोळीचा फोटो कुणी छापतं का? पद्धत ठरलेली आहे. आज एकाला पहिली रेघ दिली, की उद्या सगळे मागत येतील."

रांगेत बाकीचे नमुने होते, घरी दूध होतं. मॅडम परत आल्या आणि दुसऱ्या फेरीचा रिपोर्ट छापला.

धाकट्यानं तो दोनदा वाचला. "नव्वदच्या वर टिकते?"

"हो," मॅडम म्हणाल्या. त्या कणापुरतं ते खरंच होतं.

"मग चुकलं माझं, दादा."

"अरे जाऊ दे रे," थोरल्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "चल, चहा पाजतो." जिन्यावरून उतरताना दोघांचं हसणं बराच वेळ ऐकू येत होतं.

ऊन तापलं तेव्हा थोरला पुन्हा आला. एकटाच आला. खिशातून हातरुमाल काढून त्यानं टेबलावर उलगडला. आत पिवळ्या शिडीचा तुकडा होता. मॅडमनी विचारलं, "धाकटे नाही आले?" तेव्हा त्यानं तो तुकडा त्यांच्याकडे सरकवला. मग सांगायला लागला.

शिड्या पोचवायला दोघंही गेले होते. सकाळपासून त्या गाडीच्या टपावर उन्हात होत्या. वायरमननी विचारलं, मजबूत आहेत ना? तेव्हा धाकटा स्वतःच चढला. वरून ओरडला, "बघा, नव्वदच्या वर टिकते!" शिडी मोडली नाही, आवाजसुद्धा झाला नाही. ओल्या पुठ्ठ्यासारखी दुमडली. खाली दगडी कट्टा होता.

"जागच्या जागी गेला," थोरला म्हणाला. "आता कार्यालय म्हणतंय, शिडीची तपासणी करून आणा. तोवर माझ्यावर संशय."

त्या तुकड्याचा कण माझ्या शेजारी आला. तीच पन्नाशीची ढिलाई, तोच उंचवटा. आणि दुसऱ्या आचेला तोच ताठपणा. मेलेल्या माणसाच्या पायाखालची शिडीसुद्धा आमच्याकडे पास झाली.

सर स्वतः उठून आले. थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काळजी करू नका. रिपोर्ट स्वच्छ आलाय. माल एक नंबर. त्यांचा पाय घसरला असणार. तुमच्यावर काही येत नाही." आणि सही करून जेवायला गेले.

थोरला कागद हातात धरून बसून राहिला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, तो घसरला नाही हो. मी खाली उभा होतो. मी बघत होतो."

मॅडमनी खुर्ची ओढली आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

"ही पहिली फेरी. हा उंचवटा दिसतो?"

"काय आहे तो?"

"कच्चं राहिलेलं रेझिन. मशीननं तापवलं तेव्हा पक्कं झालं. रिपोर्ट त्यानंतरचा आहे."

"म्हणजे तुम्ही तपासलीत ती शिडी पक्की झाली."

"हो."

"आणि आम्ही पोचवल्या त्या?"

मॅडमनी पुन्हा त्या उंचवट्याकडे बोट केलं.

"मागच्या वेळी आम्ही दोघं आलो होतो. तेव्हाही दिसलं होतं हे?"

नाही म्हणणं सोपं होतं. पडद्यावरचं जुनं कुणी काढून बघणार नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "हो. दिसलं होतं."

मला वाटलं, आता हा काहीतरी फेकेल. पण तो हिशेब बघणारा माणूस होता. त्यानं विचारलं, "बाकीच्या शिड्या परत भट्टीत घातल्या तर पक्क्या होतील?"

"होतील."

"म्हणजे परत मागवायला लागतील. सरांचा हा कागद दाखवून मागितल्या, तर म्हणतील, माल एक नंबर आहे की, परत कशाला?"

"हो."

"आणि हे दाखवलं," त्यानं पडद्यावरच्या उंचवट्यावर बोट ठेवलं, "तर शिड्या येतील. पण मग भट्टीचा वेळ कुणी निम्मा केला हेही विचारतील. कार्यालय विचारेल ते विचारेल. घरी त्याची बायको विचारेल." तो थांबला. "तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"मी काय केलं ते आत्ताच सांगितलं तुम्हाला," मॅडम म्हणाल्या.

थोरल्यानं सरांच्या सहीच्या कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. पाय घसरला असणार. तुमच्यावर काही येत नाही. एवढी वाक्यं घेऊन माणूस आयुष्यभर शांत झोपू शकतो. शेवटी त्यानं तो कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "पहिली काढा."

मॅडमनी पहिली रेघ छापली. त्यावर सर सही करणार नव्हते, म्हणून खाली स्वतःचीच केली.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. सरांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी मॅडमना तळघरातल्या स्टोअरमध्ये काचेची भांडी मोजायला बसवलं. कारखान्याचं शटर खाली आलं. थोरल्यावर खटला उभा राहिला. भावजय त्याच्याशी बोलत नाही, समोर आला तर मुलांना आत बोलावून घेते. तो तारखांच्या मधल्या दिवसांत टेम्पो घेऊन कार्यालयं पालथी घालतो, शिड्या गोळा करतो आणि दुसऱ्याच्या भट्टीत भाडं भरून पूर्ण वेळ भाजतो. पुष्कळ सापडल्या. पण काही लांबच्या वीज कार्यालयांत गेल्या, काही तिथून आणखी पुढे गेल्या. पिवळ्या रंगाच्या शिड्या पुष्कळ असतात. त्या आजही कुठेतरी खांबाला टेकून उन्हात तापत असतील.

भाजलेल्या प्रत्येक खेपेतला एक तुकडा घेऊन तो लॅबमध्ये येतो. मशीनवर आता दुसरा माणूस आहे. तो सांगतो, "पहिली फेरी आम्ही देत नाही. भिंतीवर लिहिलंय."

"देऊ नका," थोरला म्हणतो. "नुसती बघू द्या." आणि रेघ सपाट पुढे सरकेपर्यंत पडद्यासमोर उभा राहतो. उंचवटा आला नाही तरी त्याला आनंद झालेला मी कधी ऐकला नाही.

माझंही आता संपत आलंय. सारखी तापून माझा तळ वाकलाय, झाकण काळवंडलंय. नवी रिकामी वाटी डबीतून निघाली की माझी रवानगी कचऱ्यात. तक्रार नाही. शेजारणी गेल्या तिथेच मी जाणार.

मित्रांनो, रिकाम्या वाटीनं उपदेश करू नये हे मला कळतं. म्हणून उपदेश नाही, एक विनवणी आहे. कुणी शिडीवर चढत असेल तर खाली उभं राहून नुसतं बघू नका, दोन्ही हातांनी धरा. आणि वरचा माणूस म्हणाला, की मला हे दबल्यासारखं वाटतंय, तर त्याला कुठलाही कागद दाखवू नका. आधी त्याला खाली उतरवा. वाद जमिनीवर उभं राहूनही घालता येतो.