वासूच्या कानातलं इंजिन

"तुना किती वेला सांगला, इंजिन लांबच बंद करायचा! किती वेला?"

प्रविणचा आवाज धाकटी डहाणूच्या सगळ्या किनाऱ्यावर गेला. वलांडीवर बोंबील वाळत टाकणाऱ्या बायांचे हात थांबले. ओल्या वाळूत नव्या जाळ्याच्या चिंध्या पडल्या होत्या. अर्धं जाळं खडकात अडकून समुद्रातच राहिलं होतं, आणि जे वर आलं होतं त्याला जाळं म्हणायला जीभ रेटत नव्हती. समोर दर्शन उभा होता, बोटीच्या इंजिनावरचा गडी. चोवीस वर्षांचा, मागच्याच वैशाखात लग्न झालेलं. तो आपला एकच सांगत होता, "मी टायमावर बंद केला, प्रविणदा. रोज करतो तठंच केला."

"मग घोल पलाला कशाला? दादा खोटा बोलतो काय?"

दादा म्हणजे वासुदेव, प्रविणचा थोरला चुलतभाऊ. तो चार हात लांब उभा राहून पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत होता. बावन्न वर्षांचा माणूस, पण त्या घडीला शाळेत छडी खायला उभं केल्यासारखा दिसत होता.

"सांग ना दादा, तूच बोटीवर बोललास ना?"

वासुदेवानं मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. प्रविणनं आपल्याला हवा तो अर्थ घेतला आणि दर्शनला म्हणाला, "उद्यापासून येऊ नको."

दर्शन गेला. जाताना त्यानं वासुदेवाकडे एकदा पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. पण त्यात नुसती वाट बघणं होतं, काका काहीतरी बोलतील म्हणून. काका वाळू उकरत राहिले.

आता खरं काय ते सांगून टाकतो, उगाच ताणण्यात मजा नाही. घोळ पळाला नव्हता. घोळ तिथं नव्हताच. वासुदेवाला काही ऐकूच आलं नव्हतं.

घोळ मासा बोलतो. ज्यांनी ऐकला नाही त्यांना हे खरं वाटत नाही, पण थवा जमला की तो पाण्याखाली घुरघुरतो, बेडकासारखा. तो ऐकायची रीत आपल्याकडं बापजाद्यांपासून आहे. इंजिन लांबच बंद करायचं, कुणी खोकायचं नाही, विडी पेटवायची नाही. मग एकानं वल्हं पाण्यात सरळ उभं धरायचं आणि त्याच्या वरच्या टोकाला कान लावायचा. पाण्यातला आवाज लाकडातून वर चढतो. तो सगळ्यांनाच उमगतो असं नाही. वासुदेवाच्या बापाला उमगायचा, आणि बापाच्या मागं वासुदेवाला. धोमा मासा कुठला, घोळ कुठला, किती खोल, कुठल्या अंगाला चाललाय, सगळं तो सांगायचा. बोट प्रविणची, सुकाणू प्रविणच्या हातात, पण जाळं पडायचं ते वासुदेवाच्या शब्दावर. लग्नात त्याला पुढची खुर्ची मिळायची ती याच कानापायी.

आणि या कानाचा मान म्हणून बोटीवर त्याला सगळ्यात चांगली जागा दिलेली होती. इंजिनाला लागून असलेली फळी. तिथं लाटांचं पाणी उडत नाही, थंडीत पाठ शेकते. बावीस वर्षं तो त्या फळीवर बसला. ज्याच्या कानावर सगळ्यांचं पोट, त्यालाच नेऊन त्या धडधडाटात बसवायचं, आणि तेही आदरानं! यात काही चुकतंय असं कुणाच्या मनात आलं नाही. त्याच्याही नाही.

दोन हजार पंधराच्या पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या. इंजिन बंद होऊन पंधरा दिवस झाले होते, तरी वासुदेवाच्या डाव्या कानात बारीक शिट्टी वाजत होती. त्याला वाटलं पाणी गेलं असेल. अहिल्येनं, त्याच्या बायकोनं, लसणीचं तेल कोमट करून घातलं. शिट्टी काही हटली नाही. पुढच्या वर्षी ती उजव्या कानात आली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी शिट्टीच्या खाली घरघर सुरू झाली, झोपेतसुद्धा. वल्ह्याला कान लावला की आधी ती घरघर, मग समुद्र.

अहिल्येला "इंजिनाचा सामान आनाया जातो" असं सांगून तो एकदा शटल गाडीनं वलसाडला गेला. डहाणूच्या दवाखान्यात ओळखीचं कोणी भेटलं असतं ना! तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली.

"काका, मशीनच्या बाजूला बसून बसून कानाची आतली नस खराब झाली. जे गेलं ते पाछं नाय येणार. जे राहिलंय ते सांभाळा. काडी घालू नका, तेल घालू नका. मशीनपासून लांब बसा, आणि ही बुचं कानात घालूनच बसा. रात्री आवाज फार सतावला तर रेडिओ बारीक लावून ठेवा, अगदी सुनं ठेवू नका."

फोमची पिवळी बुचं होती. वासुदेवानं ती खिशात घातली, घरी येऊन पत्र्याच्या पेटीत तळाला टाकली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच फळीवर जाऊन बसला. ऐकण्यासाठीच ठेवलेला माणूस कानात बुचं घालून बसला तर लोक काय म्हणतील? लाज वाटली त्याला. आंधळ्यानं वाट दाखवायचं काम घ्यावं आणि कुणाला कळू नये म्हणून धडपडावं, तशी त्याची गत झाली होती.

पण याहून मोठी लाज वेगळीच होती, आणि ती गेल्या शिमग्यापासून त्याच्या पोटात होती. जाळं शिवत बसले असताना दर्शननं त्याला हळूच विचारलं होतं, "काका, इंजिन बंद केल्यावर बी तुमच्या कानात काय वाजतं काय? मना हल्ली वाजतं."

वलसाडची रेघ, डॉक्टरीणबाईंचे शब्द, पेटीतली बुचं, सगळं वासुदेवाला ठाऊक होतं. गावात हे ठाऊक असलेला तो एकटाच होता. आणि तो हसून म्हणाला, "नवा हायस अजून. सवय होईल."

खरं सांगितलं असतं तर "तुम्हाला कसं माहीत?" असं पोरानं विचारलं असतं. एवढ्याच भीतीनं तो खोटं बोलला.

मग या ऑक्टोबरात बोट तीन खेपा रिकामी आली. चौथ्या खेपेला पाणी अगदी निवांत होतं. इंजिन बंद झालं, वल्हं उभं राहिलं, आणि पाच माणसं श्वास धरून वासुदेवाच्या तोंडाकडं बघत बसली. त्याला ऐकू येत होती ती फक्त स्वतःची घरघर. प्रविणच्या डोळ्यांतली आशा त्याला सोसवेना. "हाय," तो म्हणाला. "टाका." जाळं गेलं ते खडकावर. आणि ओढताना ते टरकलं तेव्हा याच्या तोंडातून आपसूक निघालं, "इंजिन उशिरा बंद केला पोरानं. बुजला घोल."

असं ते झालं होतं.

चार दिवसांनी अहिल्या बाजारातून आली ती पाटी आदळतच. दर्शनची बायको कीर्ती तिच्या शेजारी मासळी विकायला बसते.

"ऐकला काय? दर्शनला काम मिलला. तलासरीकडं, खडीच्या मशीनवर. सोमवारपासून जाईल."

वासुदेव तिच्या ओठांकडं बघत होता. "खडीच्या मशीनवर?"

"मग काय करील? या मोसमात दुसऱ्या बोटी भरल्यात. कीर्ती रडत होती. दर्शन रातभर झोपत नाय. कानात काय तरी वाजतं म्हनतो. कुनी करनी केली म्हनून सासू त्याला भगताकडं नेनार हाय." मग ती त्याच्यासमोर बसली, आणि सावकाश, एकेक शब्द वेगळा करून म्हणाली, "तुमच्या कानात वाजतं तसाच ना?"

"तुना कोनी सांगला?"

"कोन सांगेल? मी आंधली हाय? वर्सभर माझ्या तोंडाकडं बघून बोलता. लग्न झाला तवा कधी एवढा बघितला नाय."

एरवी तो हसला असता. पण त्याच्या डोळ्यांपुढं खडीचं मशीन आलं. बोटीचं इंजिन त्यापुढं काहीच नाही. दिवसभर दगड फुटत राहणार, आणि दर्शनचे आधीच वाजणारे कान त्याच्याजवळ उभे राहणार. आणि त्याला तिथं पाठवलं कुणी?

"जा आन सांगा," अहिल्या म्हणाली.

"प्रविण काय म्हनेल?"

"म्हनेल ते म्हनेल. सोमवार परवा हाय."

रविवारी सकाळी माणसं किनाऱ्यावर जाळं सांधत बसली होती. वासुदेव त्यांच्यात जाऊन उभा राहिला. घरून निघताना चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"प्रविण, तठं घोल नव्हता. मना काय ऐकाया आला नाय. मी खोटा बोललो. दर्शननं इंजिन टायमावर बंद केला होता."

सुई हातातच थांबली सगळ्यांची. प्रविणला आधी ती थट्टा वाटली.

"काय बोलतोस, दादा?"

"माझे कान गेलेत. दोन वर्सं झाली. दवाखान्यात सांगला हाय मना. इंजिनानं गेले."

"दोन वर्सं?" प्रविण उठून उभा राहिला. "मग दोन वर्सं वल्ह्याला कोन कान लावत होता?"

"कवा थोडा यायचा. कवा अंदाजानं सांगायचो."

"अंदाजानं! आन आमी सगली वेडी, विडी पन न पेटवता बसायचो!" कुणीतरी हसेल असं वासुदेवाला वाटलं होतं, किंबहुना त्याच हसण्याला तो दोन वर्षं भीत होता. हसलं कुणीच नाही. सगळ्यांनी माना खाली घालून सुया चालवायला घेतल्या, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. शेवटी प्रविणच म्हणाला, पण त्याच्याकडं न बघता, "मना काय सांगतोस? त्याला सांग जा. आन म्हनावं, मंगलवारी बोटीवर ये. तुझा काय ते मी मागून बघतो."

दर्शनच्या घरी कीर्ती डबा घासत होती, उद्याच्यासाठी. दर्शन ओटीवर बसला होता. वासुदेवानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, जाळ्याचं, कानाचं, वलसाडचं. प्रविणचा निरोपही दिला. दर्शननं जाळ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

"वलसाडला कवा जेलात तुमी?"

"मागच्या दिवालीत."

दर्शननं बोटं मोजली. "मी शिमग्याला विचारला तुमाला."

"हो."

"तुमाला ठावं होता."

"हो, पोरा."

"तवा बुचं घातली असती तर माझा रायला असता ना थोडा?"

वासुदेवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तो तिथून हलला नाही. एवढं एक त्याच्या नावावर जमा धरावं. "जेला तो येत नाय," तो म्हणाला. "उरला तो सांभालला तर रातो. उद्याच वलसाडला चल माझ्यासंगती. बोट मंगलवारी."

"मी एकटा जाईन."

"बरा. एकटा जा. पन जा."

कीर्तीनं डबा बाजूला ठेवला आणि पदराला हात पुसत विचारलं, "दवाखाना कठं हाय, काका?"

वासुदेव सांगायला लागला. वलसाडला उतरायचं, पूल ओलांडायचा, मग बाजारातून सरळ, औषधाच्या दुकानाच्या वर दुसरा माळा. कानातली घरघर त्या वेळी एवढी वाढली होती की आपला आवाज किती चढलाय याचा त्याला पत्ता नव्हता. आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली. वासूकाकाचे कान गेले, दर्शनचेही चाललेत, इंजिनाशेजारी बसताना बुचं घालायची, तेल नाही घालायचं, भगताकडं नाही जायचं, सगळं सगळ्या आळीला ऐकू गेलं. प्रविणच्या शेजारच्या बोटीवरचा इंजिनवाला तुषार तर कुंपणापाशी येऊन नीट ऐकत उभा राहिला. अहिल्या मागून आली होती, ती खुणेनं त्याला हळू बोला म्हणून सांगत होती. त्याला दिसलं नाही. डोळ्यांत पाणी होतं.

तो दोनदा सांगून तिसऱ्यांदा पुलापासून सुरुवात करायला लागला, तेव्हा दर्शन ओटीवरून उतरला, त्याच्या समोर, तोंड दिसेल असा उभा राहिला आणि म्हणाला,

"समजला, काका. बसा आता."