खडूची रेघ

आमच्या गॅरेजातून चाळीस वर्षांत एकही गाडी माझ्या खडूवाचून बाहेर पडलेली नाही. यजमान होते तेव्हा ते इंजिन उघडत आणि जोडत; आता ते काम सून करते. शेवटी ऐकायची मी. पसंत पडले की टाकीवर पांढरी रेघ ओढायची. ओढलेली रेघ पुसायची नाही, हा घरचा कायदा.

आम्ही जपानी मोटारसायकलीच हाती घेतो. ती इंजिने शिवणयंत्रासारखी चालतात, घोटभर पेट्रोलवर कोसभर पळतात आणि तक्रारही हळू आवाजात करतात. म्हणून त्यांना कान तयार लागतो. इंजिनावर पेचकस टेकवून त्याची मूठ कानाशी धरणाऱ्यांना मी जन्मभर हसत आले. भिंतीला कान लावणारे शेजारी आणि हे एकाच माळेचे मणी, असे मी म्हणे.

गेले तीन महिने माझ्यापुढे येणाऱ्या गाड्या विलक्षण शांत झाल्या होत्या. सुनेचा हात अखेर बसला, हे मी मनाशी मान्य केले. तिला बोलून दाखवले नाही. कौतुकाने नट सैल राहतात.

त्या दुपारी गुरांचे डॉक्टर आपली बावीस वर्षांची मोटारसायकल न्यायला आले. दुसऱ्या दिवशी त्यांना डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर लस टोचायला जायचे होते, आणि त्या वाटेवर गाडी अडली तर हाकेला ओ देणारे कोणी नाही. सून सुटे भाग आणायला गेली होती. मी इंजिन ऐकले आणि रेघ ओढली. डॉक्टर गाडी चालू ठेवून हेल्मेट चढवत असतानाच सून परतली व दारातच थबकली.

"आई," ती हळूच म्हणाली, "पुढचा टॅपेट वाजतोय."

झडप ढकलणारा तो भाग ढिला असला की टकटकतो, हे मीच तिला शिकवले होते. मला मात्र काही ऐकू येत नव्हते. रस्त्याचा गोंगाट कानात घेऊन आली आहेस, आधी पाणी पी, असे मी सुनावले. ती पाणी प्यायली, पेला जागेवर ठेवला आणि पुन्हा तिथेच येऊन उभी राहिली.

"रेघ ओढून झाली आहे," मी म्हणाले.

"हो, पण ही गाडी मी आधी ऐकली नव्हती."

बोलून गेल्यावर तिने मान खाली घातली. मी गप्प राहिले. माझ्या गप्प राहण्यापुढे या घरात अद्याप कोणी टिकलेले नाही. मग तिने सांगितले. तीन महिने प्रत्येक गाडी माझ्यापुढे येण्याआधी ती ऐकत होती, राहिलेले दुरुस्त करत होती. माझी रेघ खोटी पडू नये, एवढ्यासाठीच.

मी लांब पेचकस मागवला. टोक इंजिनावर टेकवले आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. टक, टक, टक. बंद दारापाशी कोणीतरी केव्हाचे उभे असावे, तसा तो आवाज होता.

"फडके आण," मी म्हणाले, आणि रेघ माझ्या हाताने पुसली.

टॅपेट थंड इंजिनावरच बसवायचा असतो. तोवर डॉक्टरांना बसवून ठेवले, दोनदा चहा दिला. त्यांनी सांगितले की म्हातारी गाय दूध कमी देते, पण कळपाला पाण्याची वाट तीच दाखवते. मी त्यांना बिस्किटे पुढे केली आणि गाईचा विषय तेथेच संपवला.

इंजिन निवल्यावर सुनेने पातळ पट्टी घालून फट मोजली, सरकलेला नट आवळला आणि गाडी सुरू केली. तिने उघड्या कानाने ऐकले, मी पेचकसाने. टकटक थांबून आवाज नीट लागला तेव्हा मी खडू मोडला.

"यापुढे आधी तू रेघ ओढायची, मग मी," मी म्हणाले.

तिने हात पुढे केला. मोठा तुकडा मी ठेवून घेतला.